केशरी फुलकोबी: हा रंग आला कुठून, आणि आपल्या लेकरांच्या कामाचा किती?

मोठ्या बाजारात आता नेहमीच्या पांढऱ्या फ्लॉवरशेजारी कधीकधी केशरी आणि जांभळा फ्लॉवरही मांडलेला दिसतो. विदर्भात आपण याला फुलकोबी म्हणतो. नाशिक जिल्ह्यात मालेगावकडच्या शेतकऱ्यांनीही असा रंगीत फ्लॉवर पिकवला आहे. वस्तीत बायकांच्या बैठकीत आहाराचा विषय निघाला की या रंगीत फुलकोबीबद्दल तीन प्रश्न येतात. "ताई, हा रंग इंजेक्शन देऊन घालतात का?" "हे बीटी कापसासारखं आहे का?" आणि तिसरा, "भाव दुप्पट सांगतात, मग फायदाही दुप्पट आहे का?"

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. ताटात येणारी वस्तू विचारून, तपासूनच घ्यावी. आधी थोडक्यात उत्तरं देते. केशरी रंग झाडाचा स्वतःचा आहे, वरून घातलेला नाही. हे बीटीसारखं नाही. आणि फायदा आहे, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याइतका नाही, कारण तोच फायदा देणाऱ्या स्वस्त भाज्या आपल्या बाजारात आधीपासून आहेत. आता हे कसं, ते एकेक करून पाहू.

अ जीवनसत्त्व कमी पडलं तर

पोट भरलेलं असतं, तरी अंगाला लागणारी काही द्रव्यं कमी पडलेली असतात. याला छुपी भूक म्हणतात. भात-वरण, पोळी आणि बटाट्याच्या भाजीवर लेकरू वाढतं, खेळतं, म्हणून आईला वाटतं सगळं ठीक आहे. अ जीवनसत्त्वाची कमतरता अशीच लपून राहते. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभरातल्या मुलांचं पोषण रक्त तपासून मोजलं. त्यात १ ते ४ वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांमध्ये आणि ५ ते ९ वर्षांच्या सुमारे २२ टक्के मुलांमध्ये अ जीवनसत्त्व कमी आढळलं. म्हणजे शाळेत जाणाऱ्या दर पाच मुलांमागे एकाहून थोडं जास्त.

अ जीवनसत्त्व डोळ्यांसाठी लागतं हे बहुतेकांना माहीत आहे. संध्याकाळी मूल अडखळायला लागलं, अंधारात ताट शोधताना चाचपडायला लागलं, तर तो रातांधळेपणा असू शकतो. पुढे डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखा राखाडी डाग दिसतो. त्याहीपुढे बुबुळाला जखम होऊन नजर कायमची जाऊ शकते. पण डोळ्यांवर काही दिसण्याच्या आधीपासूनच मुलाची आजाराशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. अशा मुलाला गोवर आणि जुलाब जास्त जड जातात. आणि गोवर झाला की शरीरातला उरलासुरला साठाही संपतो. म्हणून गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर अ जीवनसत्त्वाचा डोस देतात.

हे जीवनसत्त्व आपल्याला दोन वाटांनी मिळतं. दूध, अंडी, काळीज यांतून ते तयार मिळतं. भाज्यांमधून मिळतं ते बीटा कॅरोटीन, म्हणजे जीवनसत्त्वाचा कच्चा माल. गाजराचा आणि पिकलेल्या भोपळ्याचा केशरी रंग त्याचाच. आपलं शरीर त्यातून लागेल तेवढं अ जीवनसत्त्व बनवून घेतं. अंडी आणि दूध रोज परवडत नाही अशा घरात भाजीचीच वाट मोठी असते.

पांढऱ्या फ्लॉवरमध्ये मात्र बीटा कॅरोटीन जवळजवळ नसतंच. हिवाळ्यात स्वस्त झाला की आपण तो आठवड्यातून दोन-तीनदा करतो, पण या बाबतीत त्याचा उपयोग नाही. शास्त्रज्ञांनी नेमका इथेच विचार केला. लोकांची सवय बदलायला पिढ्या लागतात. त्यापेक्षा लोक जी भाजी आवडीने खातात, तिच्यातच हे द्रव्य आणता आलं तर?

कॅनडाच्या शेतातला एक वेगळा गड्डा

केशरी फ्लॉवर कोणी प्रयोगशाळेत जन्माला घातला नाही. १९७० साली कॅनडात, टोरांटोच्या उत्तरेला ब्रॅडफर्ड मार्श नावाच्या भागात, पांढऱ्या फ्लॉवरच्या शेतात एक केशरी गड्डा आपोआप उगवलेला सापडला. आकाराने तो इतरांपेक्षा लहान होता. असा वेगळा गड्डा सहसा फेकला गेला असता. पण तो जपला गेला आणि पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यावर अनेक वर्षं काम झालं.

हा बदल कशाने झाला, ते २००६ साली कॉर्नेलमध्ये ली ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. त्यात जनुकं असतात. एक जनुक म्हणजे एका कामाची लिहून ठेवलेली सूचना, असं समजा. फ्लॉवरच्या पेशीतलाच डीएनएचा एक तुकडा एका जनुकात जाऊन बसला होता. त्यामुळे त्या जनुकाची सूचना थोडी बदलली. या जनुकाला शास्त्रज्ञांनी 'ऑर' असं नाव दिलं.

या बदलाने काय केलं ते समजायला सोपं आहे. घरात धान्य आलं, पण साठवायला कणगी नाही, डबा नाही, तर ते किती दिवस टिकेल? पांढऱ्या फ्लॉवरच्या गड्ड्याची अवस्था तशीच असते. कॅरोटीन बनवण्याची व्यवस्था त्याच्याकडे आहे, पण साठवण्याची जागा नाही. बदललेल्या ऑर जनुकामुळे पेशीत कॅरोटीन साठवणारे बारीक कप्पे तयार होतात. साठा वाढतो आणि गड्डा केशरी दिसतो. म्हणून हा गड्डा कापला तर आतही केशरीच असतो.

सिकलसेलचं गणित इथेही चालतं

परदेशातला केशरी फ्लॉवर तसाच आणून इथे लावला तर पीक चांगलं येईलच असं नाही. तो थंड हवेचा. आपल्याकडची हवा, उष्णता, पेरणीचे दिवस वेगळे. फ्लॉवर मुळात आपल्याकडे इंग्रजांच्या काळात, १८२२ साली, विलायतेहून सहारनपूरच्या बागेत आला. पुढे शेतकऱ्यांनी दरवर्षी इथल्या उष्णतेत तग धरणारी झाडं निवडून त्यांचं बी राखलं, तेव्हा कुठे इथल्या हवेला सोसणारे वाण तयार झाले. शेतीच्या पुस्तकात वाणाला 'जात' असाही शब्द वापरतात. मी मात्र या लेखात 'वाण'च म्हणणार आहे.

म्हणजे काम असं होतं: देशी वाणाची सगळी ताकद तशीच ठेवायची आणि परदेशी झाडातला फक्त ऑर जनुक त्यात आणायचा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने, जिला सगळे 'पुसा' म्हणून ओळखतात, हे काम केलं. ते कसं होतं हे समजायला आपल्याला परिचयाचं एक गणित पुरेल.

नागपूर, चंद्रपूर, गोंदियाकडच्या आपल्या घरांमध्ये सिकलसेलची तपासणी नवीन नाही. त्यातून एक गोष्ट आपल्याला पाठ झाली आहे. प्रत्येक मुलाला जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक प्रत बापाकडून मिळते. आई-बाप दोघंही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि एए होण्याची चारात एक. फक्त एकच पालक वाहक असेल तर निम्म्या मुलांना ती एक प्रत मिळण्याची शक्यता असते, पण एसएस कोणी होत नाही.

आजार आणि भाजीचा रंग या दोन गोष्टी वेगळ्या, पण वारसा चालण्याचं गणित एकच. फ्लॉवरलाही ऑर जनुकाची एक प्रत एका झाडाकडून आणि दुसरी दुसऱ्या झाडाकडून मिळते. एक बदललेली प्रत असली तरी गड्डा केशरी होतो. मूळच्या केशरी झाडांमध्ये असं दिसलं, की दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर रंग गडद येतो, पण झाडाची वाढ मंद होते आणि गड्डा लहान राहतो. त्यामुळे कोणत्या झाडात एक प्रत आहे, कोणत्या झाडात दोन आणि कोणत्या झाडात एकही नाही, हे शास्त्रज्ञांना नीट कळावं लागतं.

आता संकर कसा करतात ते पाहा. देशी पांढऱ्या आणि परदेशी केशरी झाडाचा संकर केला की पहिल्या पिढीत निम्मा वारसा देशी, निम्मा परदेशी. त्यातलं केशरी जनुक असलेलं झाड घेऊन त्याचा पुन्हा देशी वाणाशी संकर करतात. आता सरासरी ७५ टक्के वारसा देशी. परत तेच केलं की ८७.५ टक्के. आणखी एकदा केलं की जवळपास ९४ टक्के. प्रत्येक फेरीत परदेशी भाग निम्मा होत जातो आणि ऑर जनुक मात्र निवडून निवडून पुढे नेलं जातं.

अडचण वेळेची आणि जागेची. प्रत्येक फेरीत निम्म्याच रोपांना ते जनुक मिळतं, आणि कोणत्या रोपाला मिळालं हे रोपाकडे पाहून कळत नाही. गड्डा धरेपर्यंत महिनोन् महिने थांबायचं, सगळी रोपं शेतात वाढवायची, खत-पाणी घालायचं आणि शेवटी निम्मी काढून टाकायची. शिवाय रंग दिसला तरी बाकीचा वारसा किती देशी झाला, हे डोळ्यांना दिसत नाही. इथे मार्कर कामाला येतो.

मार्कर म्हणजे घर शोधायची खूण

आपल्या वस्तीत पाहुणा येतो तेव्हा घर नंबर सांगून उपयोग नसतो. आपण सांगतो, "बुद्धविहाराच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीला लागून तिसरं घर." टाकी म्हणजे आपलं घर नव्हे, पण टाकी सापडली की घर सापडतं. जनुकाचा मार्कर म्हणजे डीएनएवरची अशीच ओळखीची खूण. ती जनुकाच्या अगदी जवळ असते, किंवा जनुकातच असते. खूण सापडली की जनुक तिथे आहे असं समजायचं.

खूण जितकी घराजवळ, तितका पत्ता पक्का. टाकी दोन गल्ल्या पलीकडे असेल तर पाहुणा चुकू शकतो. डीएनएमध्येही तसंच होतं. पिढी बदलताना डीएनएच्या लांबच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि लांबची खूण फसवू शकते. ऑर जनुकात नेमका कुठे तुकडा घुसला आहे हे माहीत झाल्यामुळे त्याच जागेवरची खूण तपासता येते.

तपासणी कशी करतात? रोप वाफ्यात असतानाच पानाचा नखाएवढा तुकडा घेतात. त्यातून डीएनए वेगळा काढतात. मग पीसीआर करतात. कोविडच्या काळात नाकात-घशात काडी फिरवून जी तपासणी झाली, ती याच पद्धतीची. हवा असलेला डीएनएचा बारीक भाग शोधायचा आणि त्याच्या लाखो प्रती काढायच्या, म्हणजे तो दिसण्याइतका होतो. त्यानंतर विजेच्या प्रवाहावर ते तुकडे वेगवेगळे करून पट्टे पाहतात. सिकलसेलच्या इलेक्ट्रोफोरेसिस रिपोर्टसाठी हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करतात. इथे डीएनएचे करतात, एवढाच फरक.

याचा फायदा दोन प्रकारचा. पहिला, ज्या रोपांत केशरी जनुक नाही ती वाफ्यातच बाजूला काढता येतात. शेतात लावायला फक्त कामाची रोपं जातात. दुसरा फायदा त्याहून मोठा. डीएनएवर ठिकठिकाणच्या खुणा तपासून हेही कळतं, की कोणत्या रोपात देशी वारसा जास्त उतरला आहे. ७५ टक्के ही सरासरी झाली. एखाद्या रोपात तो त्याहून बराच जास्त असतो. तेच रोप पुढच्या फेरीसाठी घेतलं तर काही फेऱ्या वाचतात, म्हणजे काही वर्षं वाचतात.

मार्कर भाजीला काही करत नाही. तो फक्त तपासणीचा रिपोर्ट आहे. रक्त तपासलं म्हणून रक्त बदलत नाही, तसंच.

या पद्धतीने पुसा संस्थेने 'पुसा बीटा केसरी १' हे फुलकोबीचं वाण तयार केलं. ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. पोषणद्रव्य वाढवलेलं हे भारतातलं पहिलं फुलकोबीचं वाण. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ८०० ते १,००० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी त्याची शिफारस झाली आहे.

मग हे बीटी आहे का?

नाही. बीटी कापसात जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक प्रयोगशाळेत काढून कापसाच्या झाडात घातलेलं आहे. कापूस आणि जिवाणू यांचा निसर्गात संकर होत नाही. केशरी फुलकोबीत फ्लॉवरचंच जनुक फ्लॉवरमध्ये आणलं, आणि तेही परागकणांनी, नेहमीच्या संकराने. प्रयोगशाळेचा उपयोग फक्त तपासणीपुरता झाला.

जनुकबदल केलेली कोणतीही भाजी पिकवून विकायला भारतात परवानगी नाही. बीटी वांग्याचा प्रस्ताव आला होता. देशभर जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. त्यामुळे मोबाईलवर "रंगीत भाजी म्हणजे बीटी" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

रंग घातलेला आहे का, ही शंका मात्र रास्त आहे. हिरव्या वाटाण्याला रंग लावण्याचे प्रकार होतात. घरच्या घरी असं पाहा:

- केशरी गड्डा मधोमध कापा. रंग आतपर्यंत असला पाहिजे. फक्त वरवर रंग आणि आत पांढरं दिसलं तर घेऊ नका.
- एक तुरा साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. पाणी केशरी झालं तर शंका घ्या.
- जांभळ्या फ्लॉवरला ही पाण्याची परीक्षा लावू नका. त्याचा नैसर्गिक रंगच पाण्यात उतरतो. त्या जांभळ्या पाण्यात लिंबाचे दोन-चार थेंब पिळा. नैसर्गिक रंग असेल तर तो गुलाबीकडे झुकतो.

प्रत्येक रंगाचं काम वेगळं

"रंगीत म्हणजे पौष्टिक" असं सरसकट सांगतात, तिथे जरा थांबायला हवं. केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. त्यातून अ जीवनसत्त्व बनतं. जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळा फ्लॉवर, जांभूळ, काळं गाजर यांत ते असतं. ते चांगलं द्रव्य आहे, पण त्यातून अ जीवनसत्त्व बनत नाही. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. त्यातूनही अ जीवनसत्त्व बनत नाही. तेव्हा लेकराच्या डोळ्यांसाठी म्हणून कोणी जांभळा फ्लॉवर महाग विकत असेल, तर तो घ्यायची गरज नाही.

उलट काही भाज्यांमध्ये केशरी रंग असतो, पण दिसत नाही. पालक, मेथी, राजगिरा, शेवग्याची पानं यांत बीटा कॅरोटीन भरपूर असतं. पानाच्या हिरव्या रंगाखाली ते झाकलेलं असतं, इतकंच.

फायदा किती? हिशेब मांडू

१ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३९० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितलं आहे. भाजीतल्या कॅरोटीनचं सगळंच जीवनसत्त्वात रूपांतर होत नाही. हात राखून हिशेब करायचा तर १२ मायक्रोग्रॅम कॅरोटीनमधून १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व धरतात.

केशरी फुलकोबीच्या १०० ग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅम कॅरोटीन धरलं, तर त्यातून सुमारे ८३ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळेल. ८०० धरलं तर ६७. म्हणजे लहान मुलाच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा-सहावा हिस्सा. पांढऱ्या फुलकोबीतून जवळजवळ काहीच मिळत नव्हतं, त्या मानाने हे चांगलंच. पण एवढ्याने भागत नाही.

आता शेजारी रताळं ठेवू. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने २०१७ साली 'भू सोना' हे आतून केशरी असलेलं रताळं दिलं. ओडिशासाठी त्याची शिफारस आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम, म्हणजे १४,००० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. वरच्याच हिशेबाने त्याची ३५ ग्रॅमची फोड लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकते. शिजवताना थोडं कमी होतं, ते धरलं तरी छोटी वाटी पुरे. आपल्या बाजारातलं पांढऱ्या गराचं रताळं या कामाचं नाही. आतून केशरी असेल तेच कामाचं.

केशरी गाजरातही १०० ग्रॅममागे काही हजार मायक्रोग्रॅम कॅरोटीन असतं, म्हणजे केशरी फुलकोबीच्या कितीतरी पट. म्हणून मी बैठकीत सांगते: केशरी फुलकोबी पांढरीच्या भावात मिळाली तर जरूर घ्या. दुप्पट भाव असेल तर त्या पैशात पांढरी फुलकोबी घ्या आणि उरलेल्या पैशाची मेथी किंवा गाजर घ्या.

ताटात काय करायचं

- कॅरोटीन तेलात विरघळतं, म्हणून भाजीला थोडं तेल हवंच. चमचाभर तेलाची फोडणी, शेंगदाण्याचा कूट किंवा जवसाची चटणी असली तरी चालतं. बाळासाठी नुसती उकडलेली गाजराची फोड द्यायची तर त्यावर थोडं तेल किंवा तूप घाला.
- भाजी शिजवा, पण फार वेळ उकळत ठेवू नका. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवा. जांभळ्या फ्लॉवरचं पाणी फेकलं तर त्याचा रंगही गेला.
- बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचा आहार सुरू करताना लाल भोपळा, गाजर, केशरी रताळं चांगलं मऊ शिजवून, कुस्करून द्या. आईचं दूध सुरूच ठेवा.
- शेवग्याचं झाड वस्तीत कुठे ना कुठे असतंच. शेंगा तोडतो तसा पालाही तोडा. वरणात मूठभर पाला किंवा थालीपीठात चिरून घातलेला पाला मुलं कुरकुर न करता खातात.
- जंत आणि वारंवार जुलाब असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. जंताची गोळी अंगणवाडीत किंवा शाळेत मिळते, ती चुकवू नका.

भाजी खाता म्हणून अ जीवनसत्त्वाचा डोस टाळू नका. नववा महिना पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर पहिला डोस, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ डोस. आशाताईंकडे कार्ड दाखवून किती झाले ते मोजून घ्या. गोवर झाला असेल, संध्याकाळी मुलाला दिसत नसेल किंवा डोळ्यावर डाग असेल, तर घरी भाजीवर भरवसा ठेवून थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. तयार जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाला धोका असतो. भाजीतल्या कॅरोटीनचा तसा धोका नाही, कारण शरीर लागेल तेवढंच त्यातून बनवतं. गाजर, भोपळा फार खाल्ला तर तळहात पिवळसर दिसू शकतात. डोळे पांढरेशुभ्र असतील तर घाबरू नका, ते हळूहळू, काही आठवड्यांत जातं. डोळेही पिवळे दिसले तर मात्र ती कावीळ असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

बी आपल्यापर्यंत यायला हवं

या वाणांवर झालेला खर्च सरकारी संस्थांचा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या करातला आहे. साबण घेतानाही आपण कर भरतो. मग पोषणाच्या नावाने तयार झालेलं वाण मॉलच्या कपाटात शोभेची भाजी म्हणून राहून कसं चालेल? ज्या लेकरांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी सापडलं, त्यांच्या ताटात ते आलं पाहिजे.

यासाठी काही गोष्टी आपल्याला करता येतील. शाळेच्या पोषण आहारासाठी परसबाग करतात. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतली आई असेल तर तिने विचारावं, की बागेत काय लावलं आहे? तिथे मेथी, राजगिरा, लाल भोपळा आणि शेवगा आधी हवा. अंगणवाडीच्या आहारात आठवड्यातून किती दिवस हिरवी किंवा केशरी भाजी असते, हे ताईंना विचारून फळ्यावर लिहायला सांगा. गावाकडे शेती करणारे नातेवाईक असतील तर त्यांना जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन पोषणद्रव्य वाढवलेल्या वाणांबद्दल विचारायला सांगा. आपल्या भागाला चालणारं केशरी फुलकोबीचं किंवा रताळ्याचं वाण कोणतं, बी-बेणं कुठे मिळेल, ही माहिती देणं त्यांचं कामच आहे. रताळं वेलाच्या तुकड्यावर लागतं. एका घरी वेल आला की पुढच्या घरी देता येतो आणि माती भरलेल्या जुन्या पोत्यातही तो वाढवता येतो.

बाजारात रंगीत भाजी दिसली तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: आतपर्यंत हाच रंग आहे का? हे वाण कोणतं? आणि भाव पांढऱ्याएवढा का नाही? उत्तर पटलं तर पिशवीत टाका. नाही पटलं तर शेजारच्या पाटीवर दहा रुपयांची मेथीची जुडी असेल, ती घ्या आणि रात्रीच्या भाजीला चमचाभर तेल घालायला विसरू नका.